समुद्राचं मीठ मोजणारा नान्सेन: बाटलीपासून सॅटेलाइटपर्यंत

खरं तर आज मी फक्त सॅटेलाइटवर लिहिणार होतो. साडेसहाशे-साडेसातशे किलोमीटर उंचीवरून फिरणारं एक यंत्र खालच्या समुद्रात किती मीठ आहे ते सांगतं, ही कल्पनाच भारी आहे ना? पण माहिती गोळा करताना एक नाव परत परत समोर यायला लागलं. फ्रित्यॉफ नान्सेन. हा नॉर्वेचा माणूस मला ध्रुवाकडे निघालेला साहसवीर म्हणून माहीत होता, आणि त्याला शांततेचं नोबेल मिळालं होतं एवढंच आठवत होतं. मिठाशी याचा काय संबंध, म्हणून वाचत गेलो आणि तीन रात्री त्यातच गेल्या. म्हणून लेखाचा बेत बदलला. सॅटेलाइट येणारच आहे, पण नान्सेनच्या मागून.

आधी दोन मिनिटं मिठाबद्दल. शाळेत भूगोलात 'सागरजलाची क्षारता' शिकलेलं आठवतंय? एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार. खुल्या समुद्रात हा आकडा बहुतेक ठिकाणी ३२ ते ३७ च्या मध्येच फिरतो. म्हणजे सगळी गंमत दोन-तीन ग्रॅमच्या फरकात आहे. ऊन पडलं की पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, म्हणून क्षारता वाढते. पाऊस पडला, नदी येऊन मिळाली, बर्फ वितळला की ती कमी होते. पृथ्वीवरचं बहुतेक बाष्पीभवन समुद्रावरूनच होतं आणि बहुतेक पाऊसही समुद्रावरच पडतो, जिथे पर्जन्यमापक लावायला कोणी नाही. त्यामुळे कुठलं पाणी उडालं आणि कुठे पडलं, याचा हिशोब समुद्र स्वतःच मिठात लिहून ठेवतो असं म्हणा. दुसरी गोष्ट म्हणजे खारं पाणी जड असतं, गोडं हलकं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, नान्सेनची सगळी कथा तिच्यावर उभी आहे.

परतीचा रस्ताच न ठेवणारा माणूस

नान्सेन जन्मला १० ऑक्टोबर १८६१ ला, आजच्या ओस्लोजवळ. तेव्हा त्या शहराचं नाव ख्रिस्तियानिया होतं. शिकला प्राणिशास्त्र. विशीत सील पकडणाऱ्या जहाजावरून ग्रीनलंडच्या समुद्रात गेला, जहाज बर्फात अडकलं, आणि त्या बर्फाने याला जे धरलं ते कायमचं. मग बर्गनच्या म्युझियममध्ये नोकरी, मज्जासंस्थेवर पीएचडी. ती पदरात पडल्यावर थोड्याच दिवसांत, १८८८ मध्ये, तो पाच साथीदारांना घेऊन स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार करायला निघाला. सगळ्यांना वाटत होतं की वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून सुरुवात करावी. याने उलटं केलं. ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरला, म्हणजे मागे फिरायचं म्हटलं तर मागे काहीच नाही! पोचले सगळे जिवंत. पण हा स्वभाव ध्यानात ठेवा.

तिथून खरी गोष्ट सुरू होते. 'जॅनेट' नावाचं एक अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी त्यावरच्या काही वस्तू सापडल्या, थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ. म्हणजे बर्फ त्या वस्तू घेऊन अख्खा आर्क्टिक पार करून आला होता. नान्सेनने विचार केला, वस्तू येऊ शकतात तर जहाज का नाही? मुद्दाम बर्फात गोठवून घ्यायचं आणि वाहत जायचं. ध्रुवीय मोहिमांमधल्या अनुभवी लोकांनी ही योजना वेड्यात काढली. अमेरिकेच्या ग्रीलीने तर जाहीरपणे झोडपलं, आणि ग्रीली स्वतः ध्रुवीय मोहिमेत बहुतेक साथीदार गमावून आलेला होता, त्यामुळे त्याची टीका पोकळ नव्हती.

जहाजाचं नाव 'फ्राम', म्हणजे पुढे. कॉलिन आर्चरने त्याचा तळ गोलसर बांधला, की बर्फाने दाबलं तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. हातात तेलकट गोटी दाबली की ती निसटते ना, तसंच. आत वीज होती, ती बनवायला डेकवर पवनचक्की होती. १८९३ सालची ही गोष्ट आहे! २४ जून १८९३ ला ते निघाले. पाच वर्षांचं अन्न, माणसं तेरा.

जहाज पुढेच जाईना

२९ ऑगस्टला सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ विचित्र प्रकार झाला. समुद्र शांत, इंजिन पूर्ण जोरात, आणि फ्राम जागच्या जागी अडकल्यासारखी. शांत हवेत सहा-सात नॉट जाणारं जहाज दीड नॉटही गाठेना. सुकाणू फिरवून पाहिलं, जहाज वळसे घालून पाहिलं, उपयोग शून्य. नॉर्वेचे खलाशी या प्रकाराला 'मृत पाणी' म्हणायचे आणि त्याच्या भोवती गूढ कथा सांगायचे.

नान्सेनने कथा बाजूला ठेवली आणि पाणी तपासलं. वरचं पाणी जवळजवळ पिण्यासारखं गोडं होतं. आणि जहाजाच्या तळाच्या नळातून आत येणारं पाणी इतकं खारं, की ते बॉयलरला चालेना. काही मीटरच्या अंतरात दोन वेगळे समुद्र! वर वितळलेल्या बर्फाचा पातळ थर, खाली खरा समुद्र.

माझं आजोळ खाडीकाठचं आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की खाडीचं वरचं पाणी नुसतं मचूळ लागतं आणि तळाशी मात्र खारं असतं, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या थराने अख्खं जहाज थांबेल असं मला कधी सुचलं नसतं.

नान्सेन परत आल्यावर त्याने हे कोडं ब्येर्कनेस या शास्त्रज्ञाला पाठवलं, आणि ब्येर्कनेसने ते आपल्या वॉल्फ्रिड एकमन नावाच्या तरुण विद्यार्थ्याला दिलं. एकमनने टाकीत गोडं पाणी, त्याखाली खारं पाणी ठेवलं आणि वर छोटं जहाज ओढून पाहिलं. वरचा पृष्ठभाग सपाट, पण दोन थरांच्या सीमेवर मोठमोठ्या लाटा उठत होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा. इंजिनची ताकद जहाज पुढे न्यायच्या ऐवजी त्या लाटा बनवण्यात जात होती. १९०४ मध्ये एकमनचा अभ्यास छापून आला आणि मृत पाण्यातलं भूत गेलं.

झाकण

सप्टेंबर १८९३ मध्ये फ्राम बर्फात गोठली. आणि मग वाट पाहणं. पहिल्या काही आठवड्यांत जहाज उलट्या दिशेलाच, दक्षिणेला सरकलं. तुम्ही पाच वर्षांचं अन्न आणि बारा लोकांचे जीव एका अंदाजावर लावले आहेत, आणि पहिलाच निकाल उलटा! मला हा भाग वाचताना घाम फुटला.

पण तोवर काम चालू होतं. आर्क्टिक उथळ असेल अशी समजूत होती, म्हणून खोली मोजायची दोरीही त्या हिशोबाने आणलेली. ती तळालाच लागेना. शेवटी जहाजावरची पोलादी केबल उलगडून, तिच्या तारा सुट्या करून, जोडून, भर थंडीत नवी दोरी बनवली. खोली निघाली साडेतीन हजार मीटरच्या घरात.

बर्फाला भोक पाडून ते वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर आणायचे, तापमान आणि मीठ मोजायचे. त्यातून जे कळलं ते अजूनही जगाच्या कामाचं आहे. सर्वात वर थंड, कमी खारा थर, सायबेरियाच्या प्रचंड नद्यांच्या पाण्याने पातळ झालेला. आणि साधारण दोनशे मीटरखाली पाणी उबदार! उबदार म्हणजे शून्याच्या थोडं वर, पण वरच्या पाण्यापेक्षा नक्कीच गरम. हे अटलांटिकचं पाणी होतं, दक्षिणेकडून खालून घुसलेलं.

आता विचार करा, गरम पाणी वर का येत नाही? चहाच्या भांड्यात तर येतं. इथे उत्तर मीठ आहे. गोठणबिंदूच्या जवळ तापमानाने पाण्याच्या वजनात फार फरक पडत नाही, मिठाने पडतो. खालचं पाणी गरम असूनही खारं, म्हणून जड. वरचं थंड असूनही गोडसर, म्हणून हलकं. तो वरचा थर झाकणासारखा बसलेला असतो आणि खालची उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही. आर्क्टिकचा बर्फ टिकतो, त्यात या झाकणाचा मोठा वाटा आहे. आज आर्क्टिकच्या युरोपकडच्या भागात हे झाकण कमकुवत होतंय आणि अटलांटिकची उष्णता वर यायला लागली आहे, असं मोजमापं सांगतात. शास्त्रज्ञ कमी-जास्त मिठाच्या इतके मागे का लागतात, ते आता लक्षात येईल.

घड्याळं बंद पडली

जहाज ध्रुवाला चुकवून जाणार हे दिसल्यावर नान्सेनने १४ मार्च १८९५ ला जहाज ऑटो स्वेर्ड्रुपच्या ताब्यात दिलं आणि हयाल्मार योहान्सेनला घेऊन बर्फावरून निघाला. दोन माणसं, २८ कुत्रे, दोन कयाक. एप्रिलमध्ये ते ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. तोवर माणूस इतक्या उत्तरेला गेल्याची नोंद नव्हती. तिथून परत फिरले, आणि थोड्याच दिवसांत दमून झोपले आणि दोघंही घड्याळाला चावी द्यायला विसरले.

हसू नका. रेखांश काढायला अचूक वेळ लागते. वेळ गेली म्हणजे आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत तेच गेलं. तुमचा फोन मेला, जीपीएस गेलं, आणि आजूबाजूला हजार किलोमीटर बर्फ, असं समजा. अंदाजाने चालत शेवटी ते फ्रान्झ जोसेफ लँडच्या बेटांवर पोचले आणि दगड, माती आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत सबंध हिवाळा काढला. एकाच झोपायच्या पिशवीत झोपणारे हे दोघं तोवर एकमेकांना अहो-जाहोच करत होते! वर्षअखेरीच्या रात्री नान्सेन अरे-तुरेवर आला म्हणे. जून १८९६ मध्ये जॅक्सन नावाच्या इंग्रज मोहीमवाल्याशी योगायोगाने गाठ पडली आणि ते वाचले. ऑगस्टमध्ये नॉर्वेला पोचले. आठवड्याभरात फ्रामही बर्फातून सुटून आली. तेराच्या तेरा जण घरी.

आपलीच चूक

इथे बहुतेक लेख टाळ्या वाजवून थांबतात. मला पुढचा भाग जास्त आवडला.

फ्रामवरचे मिठाचे आकडे अभ्यासताना आर्क्टिकच्या तळाचं पाणी फारच खारं निघत होतं. दुधात पाणी घातलंय का पाहायला डेअरीत काचेचा लॅक्टोमीटर बुडवतात ना, तशाच जातीचं तरंगणारं उपकरण त्यांच्याकडे होतं. गोठवणाऱ्या जहाजात, कंदिलाच्या उजेडात, त्याच्यावरची रेघ वाचायची. पुढे जास्त अचूक नमुने हाती आले तेव्हा नान्सेनच्याच लक्षात आलं की आपले खोल पाण्याचे आकडे जास्त आलेत. फरक दशांश चिन्हानंतरचा. पण खोल समुद्रात तेवढ्या फरकावर कुठलं पाणी कुठून आलं हे ठरतं. जगप्रसिद्ध माणूस, सहज दुर्लक्ष करू शकला असता. त्याने चूक मान्य केली, आणि मोजण्याची साधनं सुधारण्याच्या मागे लागला.

१९०२ मध्ये युरोपातल्या देशांनी मिळून समुद्र अभ्यासायची आंतरराष्ट्रीय परिषद काढली. तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा ख्रिस्तियानियात, प्रमुख नान्सेन. डेन्मार्कचा मार्टिन क्नुडसेन याने प्रमाणित समुद्रजलाची पद्धत बसवली. म्हणजे काचेच्या नळ्यांत सीलबंद केलेलं, क्षारता पक्की ठाऊक असलेलं पाणी. प्रत्येक प्रयोगशाळेने आपलं माप त्याच्याशी ताडून पाहायचं. सगळ्यांचा किलो एकच असावा, तसं सगळ्यांचं मीठ एकच. ही पद्धत आजही चालू आहे.

आणि नान्सेनची बाटली. धातूची नळी, दोन्ही टोकं उघडी, तारेला अडकवून खाली सोडायची. हव्या त्या खोलीवर गेली की वरून तारेवरून एक वजन घसरत सोडायचं. ते आदळलं की बाटली उलटी होते आणि दोन्ही झडपा बंद होतात. सोबतचा थर्मामीटरही उलटा होतो, त्यातला पारा तुटतो आणि त्या क्षणाचं तापमान तसंच लॉक होतं. एकाच तारेवर अशा अनेक बाटल्या. बॅटरी नाही, चिप नाही. १९६० च्या दशकापर्यंत जगभरच्या जहाजांवर हीच बाटली राबत होती.

मग सॅटेलाइट

बाटलीची अडचण साधी आहे. जहाज जिथे जाईल तिथलंच पाणी मिळतं. दक्षिण गोलार्धातले कित्येक भाग जवळजवळ कोरेच होते. म्हणून २ नोव्हेंबर २००९ ला युरोपचा 'स्मॉस' गेला, १० जून २०११ ला अमेरिका-अर्जेंटिनाचा 'अक्वेरियस' आणि जानेवारी २०१५ मध्ये 'स्मॅप'. यातला स्मॅप मूळचा जमिनीतला ओलावा मोजायला पाठवलेला, पण मिठाच्या कामालाही लागला.

हे चालतं कसं? प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेने थोड्या मायक्रोवेव्ह लहरी बाहेर टाकते. समुद्रसुद्धा. पाण्यात मीठ जास्त तर वीज जास्त वाहते, आणि तसं पाणी १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास किंचित कमी लहरी टाकतं. सॅटेलाइट फक्त ऐकतो. तुमच्या फोनचं जीपीएस १.५७ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे हे शेजारीच. म्हणून १.४ च्या त्या पट्ट्यात कोणी काही प्रसारित करू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरी काही रडार आणि ट्रान्समीटर तिथे घुसतातच, आणि मग नकाशावर डाग पडतात.

सिग्नल फार बारीक असतो. उबदार पाण्यात एक ग्रॅम मिठाच्या फरकाने मोजलेलं तापमान अर्धा-पाऊण अंशाने बदलतं. त्यातून वाऱ्याने उठलेल्या लाटा वजा करा, पाण्यात परावर्तित झालेला आकाशगंगेचा उजेड वजा करा, आणि मग महिनाभराची सरासरी काढून ०.२ ग्रॅमपर्यंत अचूकता गाठायची. अक्वेरियसचं उद्दिष्ट तेच होतं.

आपल्या जवळचं उदाहरण बंगालच्या उपसागराचं. पावसाळ्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी आणि पाऊस मिळून तिथे वर गोडसर झाकण तयार होतं. त्यामुळे वरचं पाणी गरमच राहतं, खालच्या थंड पाण्याशी मिसळत नाही, आणि त्या गरम पाण्यावर कमी दाबाचे पट्टे पोसले जातात. तेच पुढे विदर्भापर्यंत पाऊस आणतात. पावसाळ्यानंतर हे गोडं पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून, समुद्रात नदी वाहावी तसं दक्षिणेला सरकतं. ते सॅटेलाइटने टिपलंय. पण त्याआधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उपक्रमात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी नेमाने बाटल्या भरून आणून दिल्या होत्या, आणि ती 'नदी' त्यांतूनच दिसली. बाटली अजून संपलेली नाही तर!

संपणारही नाही, कारण सॅटेलाइटला पाण्याचा वरचा सेंटिमीटरभर थरच दिसतो. आणि थंड पाण्यात तो आणखी कमजोर पडतो. गोठणबिंदूजवळ तोच एक ग्रॅमचा फरक जेमतेम पाव अंश उरतो. शिवाय सागरी बर्फ मध्ये आला की सिग्नलच बिघडतो. म्हणजे जिथे नान्सेनने झाकण शोधलं, नेमकं तिथेच आपलं सर्वात भारी यंत्र चाचपडतं.

उरलेलं आयुष्य

१९०७ च्या डिसेंबरात नान्सेन लंडनला नॉर्वेचा राजदूत होता, तेव्हा त्याची बायको एव्हा घरी न्यूमोनियाने गेली. तो वाटेतच होता, पोचू शकला नाही. पुढच्या वर्षी नोकरी सोडून समुद्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. दक्षिण ध्रुवाचं स्वप्न होतं, पण फ्राम अमुंडसेनला देऊन टाकली.

पहिल्या महायुद्धानंतर त्याने चार लाखांवर युद्धकैदी घरी पोचवले, रशियाच्या दुष्काळात मदत उभी केली, आणि ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणेना अशा निर्वासितांसाठी 'नान्सेन पासपोर्ट' काढला. १९२२ चं नोबेल त्यासाठी. यावर वेगळा लेख हवा, दोन ओळींत उरकतोय याची मला लाज वाटते. १३ मे १९३० ला तो गेला.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीचं 'पोलारस्टर्न' हे जहाज फ्रामसारखंच मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फाला बांधलं गेलं आणि वर्षभर वाहत राहिलं. बर्फाला भोक पाडून रोज खालचं तापमान आणि क्षारता मोजली गेली. आणि शेजारी, त्याच बर्फावर, १.४ गिगाहर्ट्झवर ऐकणारे रेडिओमीटर मांडले होते, वरून सॅटेलाइटला जे नीट कळत नाही ते जवळून समजून घ्यायला.